खाते ते जाते कुठे?

घरातले मांजर एकाएकी दुप्पट खाऊ लागले, तर आपल्याला काय वाटते? बरेच वाटते. "तोंडाला चव आली हो तिच्या!" असे म्हणत आपण आणखी एक घास वाढतो. आमच्याकडे अगदी हेच झाले. आमची मनी बारा वर्षांची. एरवी वाटीला तोंड लावून निघून जाणारी; ती पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात पातेली वाजवू लागली. दोनअडीच महिने आम्ही कौतुकाने वाढत राहिलो. एके दिवशी सहज उचलून घेतली, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. वजन केले, चार किलोंची मनी पावणेतीनवर आली होती.

अशा वेळी एकच प्रश्न विचारावा : खाते ते जाते कुठे?

खाऊनही जनावर वाळत असेल, तर भूक हे दुखणे नव्हे, दुखण्याची खूण आहे. उतारवयाच्या मांजरांत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पुष्कळदा वाजवीपेक्षा जास्त काम करू लागते. चूल भरमसाट पेटावी आणि लाकडे पुरू नयेत, तसे शरीराचे होते. नाडी जलद चालते, जनावर बेचैन होते, ओकते. हा विकार मांजरांत प्रथम स्पष्टपणे नोंदला गेला तो १९७९ साली. आज साध्या रक्ततपासणीत तो कळतो. भुकेबरोबर पाणी पिणे नि लघवीही वाढली, तर मधुमेहाचा संशय घ्यावा. पिल्लू खादाड, पोट नगाऱ्यासारखे आणि अंग रोड, तर बहुधा जंत.

खाऊन फुगणाऱ्याची गोष्ट निराळी. कुणाला खाजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात. त्यांनी भूक खवळते. (त्या मनानेच बंद मात्र करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.) आणि लॅब्रेडॉर कुत्रा! त्याला आपण अधाशी म्हणून हिणवतो. पण २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळले, की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांत पी. ओ. एम. सी. नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. 'पुरे' हा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. बिचाऱ्याला खरोखरच भूक लागते! त्याला रागावून काय उपयोग? अन्न मोजून, तीनचारदा विभागून द्यावे, नि पोळीचा तुकडा टाकणाऱ्या आजोबांना आधी आवरावे.

वजनासाठी खास काटा लागत नाही. जनावर कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, वजाबाकी करा. महिन्यातून एकदा पुरते.

मनीला आता रोज गोळी असते. ती बांगड्याच्या तुकड्यात लपवावी लागते, आणि दर चार दिवसांनी ती बांगडा खाऊन गोळी तेवढी बाहेर ठेवते. वजन साडेतीनवर आले आहे. पहाटे चारला स्वयंपाकघर शांत असते. मला मात्र अजून त्याच वेळी जाग येते.