नळीच्या वाटेने जाणाऱ्यांस

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यातील काही तरुणांनी येत्या हिवाळ्यात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढण्याचे योजिले आहे. त्यावरून काही घरांत चिंता, तर काही घरांत विरोध उत्पन्न झाला आहे. अध्यापनाच्या काळात ही वाट मी तीन वेळा चढलो असल्याने याविषयी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली.

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात असून त्याची उंची सुमारे चौदाशे मीटर आहे. पाचनईकडून वर जाणारी वाट सोपी आहे. नळीची वाट मात्र कोकणातून, मुरबाड तालुक्यातील बेलपाडा गावातून निघते आणि कोकणकड्याच्या शेजारच्या अरुंद घळीतून हजार मीटरांहून अधिक चढते. तिला सात-आठ तास सहज लागतात.

हा पर्वत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनला. पाण्याने मऊ थर झिजतात, कठीण थर उभ्या भिंतीसारखे उरतात. म्हणून नळीत आरंभी प्रचंड धोंडे, पुढे हातापायांनी चढावयाचे कातळटप्पे आणि मधून मधून पायाखालून सरकणारा घसारा लागतो.

कातळावरचा नियम सोपा आहे. दोन हात व दोन पाय या चौघांपैकी तिघे पक्के झाल्याविना चौथा हलवू नये. घसाऱ्यावर मात्र स्वतःस सांभाळून भागत नाही. वरच्याच्या टाचेखालून निसटलेला मुठीएवढा दगड घळीतून उसळत खाली येतो आणि मागच्याचा जीव घेऊ शकतो. ज्याचा पाय घसरला त्याला खरचटतही नाही. भोगावे लागते ते मागच्याला! म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे. दगड सुटताच ‘दगड!’ अशी आरोळी द्यावी. पुढची तुकडी आडोशास पोहोचेपर्यंत मागच्यांनी बाजूच्या कातळाला लगटून थांबावे.

माझ्या विद्यार्थ्यांतील सर्वांत चपळ मुलगा नेहमी पुढे धावू पाही. मी वाटाड्याच्या मागे सर्वांत हळू चालणाऱ्यास ठेवी आणि त्या चपळ मुलास शेवटी. पहिल्या तासाला तो रुसला. तिसऱ्या कातळटप्प्यावर मात्र इतरांचे पाय खोबणीत नेमके बसवून देण्याचे काम त्यानेच केले.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलांना अडवू नका, प्रश्न विचारा. बेलपाड्याचा माहीतगार वाटाड्या ठरला आहे काय? दोर आणि तो बांधणारा जाणता मनुष्य बरोबर आहे काय? वाटेत पाण्याचा भरवसा नाही. प्रत्येकाजवळ तीन-चार लिटर पाणी आहे काय? उजाडण्यापूर्वी निघून दिवसाउजेडी माथा गाठावयाचा, हे ठरले आहे काय? उत्तरे समाधानकारक असतील तर मुलांप्रमाणे मुलींनाही निरोप द्या. कातळ मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

तरुणांना एवढेच सांगतो की, पावसाळ्यात या नळीत पाऊल टाकू नका. ढग भरून आले, कोणाचे पाय थकले, तर पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरा. त्यात कमीपणा नाही. नळीतून उतरणे चढण्याहून बिकट. म्हणून वर पोहोचल्यावर उतरताना पाचनईची वाट धरा.

आपल्या ज्ञातीतील अनेकजण विद्येने व उद्योगाने वर चढले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या मागून येणाऱ्यांची रांग अजून मोठी आहे. वर चढणाऱ्याने खाली कोण आहे हे पाहून पाऊल टाकावे आणि जागा पक्की होताच हात खाली करावा. नळीत याला शिस्त म्हणतात. समाजात याला वेगळे नाव देण्याची मला गरज वाटत नाही.