लेसर शस्त्रक्रियेनंतर दुबळे झालेले पारपटल
(वार्षिक सभेत नेत्रविभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही ज्या विकाराविषयी बोलणार आहोत, त्याचे रुग्ण संख्येने थोडे, पण वयाने तरुण असतात. बंदर, रेल्वे, द्रुतगती मार्ग आणि आता विमानतळ यांमुळे पनवेल, उरण, पेण, खालापूर या परिसरात रोजगाराच्या नव्या वाटा खुल्या झाल्या आहेत. नोकरीची वैद्यकीय चाचणी किंवा ठरू घातलेले लग्न डोळ्यांपुढे ठेवून अनेक मुलेमुली चष्मा घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रियेकडे वळतात. बहुसंख्यांना तिचा लाभच होतो. मात्र थोड्यांच्या बाबतीत काही महिन्यांनी वा वर्षांनी नजर पुन्हा अंधूक होऊ लागते आणि चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो.

याचे कारण पारपटलात, म्हणजे बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्यात असते. त्याची मध्यभागी जाडी साधारणतः ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लॅसिक शस्त्रक्रियेत वरचा पातळ पापुद्रा उचलून खालचा थर लेसरने कमी करतात आणि पापुद्रा पुन्हा जागी बसवितात. त्या पापुद्र्याचे पूर्वीचे बळ मात्र परत येत नाही. खालचा थर पुरेसा मजबूत नसेल तर डोळ्याच्या आतील दाबाने पारपटल हळूहळू पुढे फुगते. यास एक्टेशिया म्हणतात. थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये लॅसिकनंतरच्या या विकाराकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले.

खालचा थर किमान २५० मायक्रॉन उरावा, असा संकेत पुढे रूढ झाला. परंतु केवळ जाडी पुरेशी नाही. पुष्कळदा पारपटलाचा दुबळेपणा शस्त्रक्रियेपूर्वीच सुप्तावस्थेत असतो आणि नंबर तपासण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तो दिसत नाही. त्यासाठी पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी ही तपासणी लागते. ती वेदनारहित असून काही मिनिटांत होते.

विकार जडल्यावर तो थोपविण्याचा मुख्य उपाय म्हणजे क्रॉसलिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या पद्धतीचे २२ रुग्णांवरील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धतीत पारपटलावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास घालतात आणि नंतर अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील तंतू एकमेकांशी अधिक घट्ट जोडले जातात. या मूळ पद्धतीसाठी पारपटल किमान ४०० मायक्रॉन जाड असावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये, प्रथम शंक्वाकार पारपटलासाठी आणि नंतर लेसरोत्तर एक्टेशियासाठी, या उपचारास मान्यता दिली.

येथे कुटुंबीयांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. क्रॉसलिंकिंगने बिघाड थांबतो. गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही. म्हणून उशीर महाग पडतो. उपचारानंतरही अनेकांना स्पष्ट दिसण्यासाठी विशेष कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्या लागतात. पारपटल फारच विरूप झाले वा त्यावर व्रण पडला, तर प्रत्यारोपणाचाच मार्ग उरतो आणि तो नेत्रदात्यांच्या औदार्यावर अवलंबून असतो.

यास्तव आमची विनंती अशी. लेसरपूर्वी टोपोग्राफी झाली आहे ना, हे विचारावे आणि तो अहवाल जन्मभर जपून ठेवावा. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिल्यास होकार मिळेपर्यंत दवाखाने पालथे घालू नयेत. तो नकार रुग्णाच्या हिताचा असतो. धुळीने वा ॲलर्जीने डोळे खाजले तरी चोळू नयेत. खाजेवर औषध घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर नंबर पुन्हा वाढू लागल्यास नवा चष्मा घेण्यापूर्वी पारपटलाची तपासणी करून घ्यावी.

देणगीदारांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो की, तपासणीचे यंत्र दान करणाऱ्यास त्याचे फळ सहसा दिसत नाही, कारण टळलेल्या अंधत्वाची नोंद कोठेच होत नाही. तरीही ज्या मुलाची शस्त्रक्रिया त्या नकाशामुळे वेळीच थांबली, त्याची दृष्टी हेच त्या दानाचे फळ होय.