ओवा आणि ओव्याचं फूल



कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल हे तिन्ही पदार्थ घट्ट. पण समभाग घेऊन कोरड्या बाटलीत घाला आणि हलवा. थोड्याच वेळात बाटलीत पाण्यासारखा द्रव तयार होतो. ना थेंबभर पाणी, ना चूल. वेगवेगळे असताना ज्यांना वितळायला उष्णता लागते, ते एकत्र आले की साध्या खोलीतल्या तापमानातही घट्ट राहू शकत नाहीत. हीच आपली अमृतधारा. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांनी या नावानं औषध विकायला काढलं आणि ते देशभर घरोघरी पोचलं.

यातलं ओव्याचं फूल हे काही झाडावर उमललेलं फूल नव्हे. ओव्याच्या दाण्यात साधारण शेकडा 2 ते 4 भाग उडून जाणारं तेल असतं. वाफेच्या मदतीनं ते काढून थंडावत ठेवलं की त्यात पांढरे खडे धरतात. रसायनशास्त्रात त्यांना थायमॉल म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाला लागणारं थायमॉल मुख्यतः जर्मनीत तयार होई, आणि त्यासाठी लागणारा ओवा जाई तो हिंदुस्थानातून. 1914 साली लढाई पेटली, वाट बंद झाली, तेव्हा कुठे आपल्याकडे हे खडे इथेच काढण्याचा विचार जोर धरू लागला. माल आपला आणि कारखाना त्यांचा, ही तेव्हाची नेहमीचीच तऱ्हा!

थायमॉल जंतूंना आणि बुरशीला मारतं, याबद्दल शंका नाही. गुळण्या करायच्या औषधांत ते असतं, लिस्टरीनमध्येही आहे. बुरशी लागलेल्या जुन्या कागदपत्रांना अभिलेखागारांत थायमॉलची धुरी देत असत. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकतात, त्याचीच ही सरकारी आवृत्ती म्हणा. (कोंडलेल्या खोलीत तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात धूर जाईल अशी धुरी मात्र देऊ नये.)

पण आता मुद्द्याचं. ओवा आणि ओव्याचं फूल ही एकाच औषधाची दोन रूपं आहेत असं समजून लोक वागतात, आणि तिथेच घात होतो. ओव्याच्या तेलात सुमारे निम्मं थायमॉल धरलं, तर एक ग्रॅम फुलात 50 ते 100 ग्रॅम ओव्याचा अंश येतो. एका बैठकीत एवढा ओवा कोणी चावून खाईल का? जीभच पोळेल. दाणा स्वतःच माणसाला आवरतो. फूल आवरत नाही.

याचा अनुभव जगानं घेतलेला आहे. 1909 नंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम निघाली. रॉकफेलर यांच्या पैशानं चाललेल्या त्या मोहिमेत थायमॉलच देत असत. जंत पडत, हे खरं. पण मात्रा मोठी असे आणि काही रोगी दगावलेही. औषध दिल्यावर तेल, तूप आणि दारू वर्ज्य असे, कारण त्यांत थायमॉल विरघळतं आणि आतड्यात थांबायचं सोडून रक्तात शिरतं. जुलाबासाठी एरंडेल नाही, सारक मीठ देत, ते याचसाठी. पुढे दुसरी औषधं आली आणि थायमॉल मागे पडलं. आज जंतांसाठी ते घरी घेण्याचं काहीच कारण नाही.

मग ओवा घ्यावा कसा? पोट गच्च झालं, गुबारा धरला, तर चिमूटभर ओवा, कणभर पादेलोण, नीट चावून वर कोमट पाणी. याहून अधिक करायची गरज मला तरी दिसत नाही. काढा करायचा तर भांड्यावर झाकण हवंच. उघड्या पातेल्यात खळखळ उकळल्यावर घरभर जो घमघमाट सुटतो, ते औषधच हवेत जात असतं. दोन दिवसांत पोट ठीक झालं नाही, किंवा दुखणं उजवीकडे खाली जाऊन ताप आला, तर ओव्याचा डबा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आणि अमृतधारा लहान मुलांना पाजू नये, तान्ह्याच्या नाकाशी तर मुळीच नेऊ नये. त्यातल्या कापरानं मुलांना झटके येतात, आणि पुदिन्याच्या फुलाच्या उग्र वासानं बाळाचा श्वास अडू शकतो.

शेवटी, काष्ठौषधींच्या दुकानात जाणाऱ्यांना एक विनंती. तिथे किरमाणी ओवा मिळतो, तो दवण्याच्या कुळातला. खुरासानी ओवाही मिळतो, तो धोतऱ्याच्या कुळातला आणि विषारी. दोन्हींचा आपल्या ओव्याशी काही संबंध नाही. म्हणून नुसतं 'ओवा द्या' म्हणू नका. स्वयंपाकाचा ओवा मागा, आणि हातावर चोळून वास घेतल्याशिवाय पुडी बांधू देऊ नका.