शॉर्टकट करा, पण जुन्या नावाला हात लावू नका

आजचा विषय छोटासाच आहे: टर्मिनलमध्ये स्वतःचे शॉर्टकट कसे करायचे आणि कुठे करायचे नाहीत. लॅपटॉप नसला तरी चालेल, अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्ये सगळं करून बघता येतं.

दिवसभरात मी 'गिट स्टेटस' किती वेळा टाईप करतो, मोजायलाच नको. अशा वेळी एलियस कामाला येतं. लिहायचं असं: एलियस, स्पेस, जीएस, बरोबरचं चिन्ह, मग सिंगल कोट्समध्ये गिट स्टेटस. बरोबरच्या आजूबाजूला स्पेस नको. टर्मिनल बंद केलं की हा शॉर्टकट जातो, म्हणून ती ओळ होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये ठेवा. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल आलंय, तिथली फाइल डॉट झेडएसएचआरसी.

एलियस म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर, बस्स. पुढे तुम्ही जे लिहाल ते शेवटी जोडलं जातं. फोल्डर बनवून लगेच त्यात शिरायचं असेल, तर एकच नाव दोन ठिकाणी लागतं. ते एलियसला जमत नाही. तिथे फंक्शन लिहा आणि नावाच्या जागी दोन्हीकडे डॉलर एक टाका.

आता महत्त्वाचं. बरेच जण 'आरएम'चंच एलियस करतात: 'आरएम मायनस आय', म्हणजे फाइल उडवण्याआधी आरएम विचारेल. रेड हॅटच्या कित्येक आवृत्त्यांत रूट युजरला हे आयतंच मिळायचं. वाटतं सुरक्षित, पण हाताला सवय लागते की, "विचारेलच की!" मग तुम्ही उबुंटूच्या सर्व्हरवर जाता. तिथे ते एलियस नसतं. आरएम काही न विचारता फाइल उडवतं, आणि टर्मिनलला रिसायकल बिन नसतो. बॅश स्क्रिप्टमध्येही एलियस आपोआप चालत नाहीत.

म्हणून नवीन नाव द्या. मी 'पुसा' ठेवलंय. नव्या सर्व्हरवर 'पुसा' टाईप केलं, तर फार फार तर 'कमांड नॉट फाउंड' येईल. फाइल मात्र जागेवर राहील.

एखाद्या नावामागे नक्की काय दडलंय, हे बघायचं असेल तर आधी 'टाइप' लिहा, मग ते नाव. शेल लगेच सांगतं.

आज एवढंच करा: 'हिस्टरी' चालवा, सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय ते शोधा आणि त्याचा एक शॉर्टकट बनवा. भेटू पुढच्या भागात!