दुमडलेला कान
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात बाळ आलं, की बघायला येणारी मंडळी लगेच वाटणी सुरू करतात. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, रंग आजोळचा. मग कोणीतरी बाळाला उचलून घेतं आणि दिसतं, की ज्या बाजूला मान कलली होती तिकडचा कान पुढे दुमडलाय. वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा. झालं! "अगं, लक्ष कुठं असतं तुझं? हा कान आता असाच राहणार!" बाळंतीण बिचारी आधीच रात्रीतून चारदा उठत असते. आता कान बघायला पाचव्यांदा उठते.

या आईच्या बाजूनं दोन शब्द बोलावेत, म्हणून आजचा विषय.

कानाचा बाहेरचा भाग हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे वाकणारं, लवचीक असं मऊ हाडच म्हणा. नवजात बाळाची कूर्चा तर फारच मऊ. त्याचं कारण गमतीचं आहे. आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोटातल्या बाळाच्या रक्तातही उतरलेलं असतं, आणि त्याच्यामुळे कूर्चा मऊ राहते. जन्मानंतर त्याचं प्रमाण झपाट्यानं कमी होतं आणि साधारण सहा आठवड्यांत कान हळूहळू घट्ट होऊ लागतो. म्हणजे ज्या मऊपणाबद्दल आईला बोल लावायचा, तो आईनंच दिलेला असतो. जन्माच्या वाटेवर बाळाला खरचटू नये म्हणून दिलेली जणू ती मऊ घडी!

डॉक्टर तर बाळाचा कान स्वतःच दुमडून पाहतात. अमेरिकेतल्या डॉ. जीन बॅलार्ड यांनी १९७९मध्ये बाळ किती आठवड्यांचं होऊन जन्मलं हे ओळखण्याची एक तपासणी मांडली, आणि १९९१मध्ये तिच्यात सुधारणा केली. त्वचा, तळपायाच्या रेषा यांच्याबरोबर त्यात कानही आहे. कान हलकेच दुमडून सोडायचा. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा तसाच दुमडलेला राहतो, पूर्ण दिवसांच्या बाळाचा चटकन जागेवर येतो. एवढासा कान, पण पोटातल्या महिन्यांचा हिशेब सांगतो.

तेव्हा झोपेत दुमडलेला कान उचलल्यावर आपला आपण सरळ होत असेल, तर काळजीचं कारण नाही. बाळाला पाठीवर झोपवावं, मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे राहील असं बघावं. एकाच बाजूवर सतत भार आला तर कान लाल होतो, डोकंही त्या बाजूला चपटं होऊ शकतं. उशी मात्र नको, मोहरीचीसुद्धा नको. न्हाऊ घालताना कान ओढू नये, कानात तेल घालू नये. आणि घरच्या चिकटपट्टीनं कान डोक्याला चिकटवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. ती कातडी गुलाबाच्या पाकळीहून नाजूक असते.

मग कानाडोळा करायचा का? तसंही नाही. उचलल्यावरही कान वाकडाच राहत असेल, तर बाळ आठवड्याचं व्हायच्या आत डॉक्टरांना दाखवावं. पोटात दाब पडल्यामुळे काहींचे कान जन्मतःच वळलेले असतात. त्यातले पुष्कळ आपोआप सुधारतात. जे सुधारत नाहीत, त्यांना मऊ साच्याचा आधार देऊन वळण लावता येतं. जपानमधल्या डॉक्टरांनी १९८४मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. मात्र तो पहिल्या काही आठवड्यांत, कूर्चा मऊ आहे तोवरच नीट लागू पडतो. "मोठं झाल्यावर बघू" म्हटलं, तर पुढे शस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो. आणि कानाचा काही भाग मुळात तयारच झाला नसेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे साचा पुरत नाही, आणि ऐकण्याची तपासणी आधी हवी.

इथे खऱ्या मुद्द्यावर येतो. आमच्याकडे बाळ जन्मलं की उजव्या कानात अजान देतात, डाव्या कानात इकामत. शेजारच्या घरी बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, कानात नाव सांगते, "कुर्र" करते आणि पाठीत धपाटे खाते. दोन घरांच्या रीती वेगळ्या, पण नव्या पाहुण्याला घरात घ्यायचं ते कानाच्या दारातून, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. आपण या दारावर हाक देतो. ती आत पोचली का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

कानाचा आकार सगळ्यांना दिसतो, बहिरेपण कोणालाच दिसत नाही. सुरेख कानांचं बाळही ऐकत नसू शकतं. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा घराला जाग येते. तोवर भाषा रुजण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. नवजात बाळाची श्रवणचाचणी काही मिनिटांची असते. बाळ झोपेत असताना कानात छोटीशी नळी ठेवून ती होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. २०१३मध्ये आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

म्हणून बाळ बघायला जाल तेव्हा कान कोणावर गेलाय हे खुशाल सांगा. पण बाळंतिणीला बोल लावण्याऐवजी एवढंच विचारा, "ऐकण्याची तपासणी झाली का गं?" झाली नसेल, तर तिला दवाखान्यात जाता यावं म्हणून तासभर तिची बाकीची कामं आपल्या अंगावर घ्या. त्या बाळाला आयुष्यभर पुरेल असा आहेर तो हाच.