वाफसा कोणाच्या हाती?

भोकरच्या काळ्या जमिनीचा प्रश्न निघाला की खतांच्या गोण्यांचा हिशेब आधी मांडला जातो. मातीची घडण मात्र विस्मृतीत जाते. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. पहिला पाऊस उन्हाळ्यातील भेगांतून खोल जातो. भेगा मिटल्यावर मात्र पाणी मुरते ते माती रवाळ असेल तरच. हा रवाळपणा मुळे, गांडुळे आणि कुजलेले शेणखत घडवितात. गोणीतील युरिया पिकाला नत्र देतो, माती बांधीत नाही.

जुना शेतकरी वाफशाची वाट पाहत असे. मातीचा गोळा हातात दाबावा, तो चिकटला नाही, सहज फुटला, तरच औत धरावे. पण वाट पाहण्यालाही ऐपत लागते! भाड्याचा ट्रॅक्टर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी, ओली असली तरी, जमीन नांगरून घ्यावी लागते. मग फाळाखाली माती दबून कठीण थर बनतो, मुळे तेथेच अडतात आणि पाणीही तुंबते.

बटईदाराची स्थिती याहून बिकट. हैदराबाद संस्थानच्या मुलखात १९५० च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले. त्याच कायद्याच्या धास्तीने जमीनमालक बटई कागदावर आणीत नाही आणि कसणारा दरसाल बदलतो. ज्याला पुढच्या मृगात हेच शेत मिळेल याची शाश्वती नाही, त्याने तीन-चार वर्षे पुरणारे शेणखत त्यात का ओतावे? याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

गायरानाचेही तेच. माळाची उथळ, मुरमाड माती मारवेलसारख्या बहुवर्षायू गवतांच्या मुळांनी धरलेली असते. भर पावसात, बी धरण्यापूर्वीच चराई झाली की ते गवत हटते, कुसळी माजते आणि खुरांनी दाबलेल्या मातीवरून पाणी वाहून जाते. यावर भूमिहीनांना गायरानातून हुसकावण्याचा उपाय सुचविला जातो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहाने ज्या जमिनी मागितल्या, त्यांत पडीक आणि गायरान जमिनीही होत्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो बांध कशाच्या भरवशावर घालील?

तेव्हा मागणी अशी असावी: मालकी हक्काला धक्का न लावणारी, पण किमान पाच सालांची लेखी बटई, कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे पट्टा, आणि उरलेल्या गायरानात पाळीपाळीने चराई. बंदीच्या काळात गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्या राखणाऱ्यांचा असावा, आणि गवत लावण्याचे काम रोजगार हमीतून निघावे.