दुखणे अंगावर काढू नये



आपल्या हजेरीपटापासूनच आरंभ करू. चौथी-पाचवीतील एखादी नियमित येणारी मुलगी तीन-चार दिवस शाळेत दिसत नाही. चौकशी केली म्हणजे कळते की, आई पडून आहे. पाणी, भाकरी आणि धाकट्या भावंडाची राखण हिच्याकडे आली आहे. आईचे दुखणे दवाखान्याच्या नोंदवहीत चढण्यापूर्वी पुष्कळदा आपल्या हजेरीपटात उमटते. म्हणून प्रौढ स्त्रियांचे आरोग्य हा विषय आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या भागातील स्त्री दुखणे अंगावर काढते. सोयाबीनची सोंगणी झाली की पाहू, असे ती म्हणते. सोंगणीनंतर कापसाची वेचणी येते, वेचणीनंतर तुरीचे खळे येते. दवाखान्याचा दिवस काही उगवत नाही. या सोशिकपणाचे आपण कौतुक करतो. परंतु जे रोग स्त्रीस आतून पोखरतात, ते आरंभी दुखतच नाहीत. दुखेपर्यंत थांबणे म्हणजे वेळ दवडणे होय.

रक्तक्षयाचेच पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी सुमारे ५४ स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. चढण चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती समजते, कामाचा शीण आहे. घरात सर्वांमागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाजी-वरण कितीसे उरते? हिरव्या पालेभाज्या, तीळ, डाळी, मोड आलेली कडधान्ये आणि वर लिंबाची फोड, हे तिच्याही ताटात पडले पाहिजे. जेवणास लागूनच चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, कधी मळमळते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जणी भिऊन गोळ्या टाकून देतात. हा एक खुलासाही मोठे काम करील.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. ज्या गटास या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्या गटातील या रोगाचे मृत्यू पुढील आठ वर्षांत जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रिया आपल्या गावांतील स्त्रियांसारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या. फरक इतकाच की, तपासणी दुखण्याच्या आधी झाली.

आज तिशीनंतर रक्तदाब, रक्तातील साखर, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत करण्याची योजना आहे. २०२२ च्या नवरात्रात राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान १८ वर्षांवरील स्त्रियांसाठी काढले होते. योजना निघतात, उंबरठा ओलांडून केंद्रापर्यंत जाण्याचे धैर्य मात्र कोणीतरी द्यावे लागते.

ते आपण देऊ शकाल. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. त्यांच्या एका सभेस आरोग्यसेविका किंवा आशाताईंना बोलवावे आणि तपासणीचा दिवस सोंगणीपूर्वीच ठरवावा. बाईंचे प्रश्न बाईंनीच, चारचौघांपासून दूर, ऐकावेत. औषध सांगणे आपले काम नव्हे. वाट दाखविणे आपले आहे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, स्तनात गाठ लागणे, तोंडातील व्रण न भरणे, यांपैकी काही असेल तर ठरलेल्या दिवसाचीही वाट पाहू नये. मिसरी लावण्याची सवय मोडावी, हेही सांगावे. शिक्षिका भगिनींनी आणि शाळेत खिचडी शिजविणाऱ्या ताईंनी स्वतःची तपासणी आधी करून घ्यावी. गाव बोलण्यापेक्षा वागणे पाहते.

उद्या हजेरी घेताना एखाद्या मुलीच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसली, तर तिला रागावण्यापूर्वी एवढेच विचारा, “बाळ, आईची प्रकृती कशी आहे?”